नदीने नेलेली पांढरी

गाव म्हटले की आपण त्याचे दोन भाग धरतो. घरे, देऊळ, चावडी, वेस ही झाली पांढरी. आणि भोवतालची पिकाची जमीन ती काळी. काळी उजाड झाली नि पांढरी तेवढी उरली, अशी गावे दुष्काळाच्या दिवसांत पाहायला मिळतात. पण काळी शाबूत आहे, तिच्यात दरसाल मका-सोयाबीन उभे राहते, आणि पांढरी मात्र सबंधच्या सबंध नदीच्या पोटात गेली, असे गाव क्वचित सापडेल. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले कास्कास्किया हे असे गाव आहे. एके काळी ते या राज्याची राजधानी होते. २०२० च्या खानेसुमारीत तेथे एकवीस माणसे भरली!

आणखी एक चमत्कारिक गोष्ट पाहा. हे गाव इलिनॉय राज्याचे, पण इलिनॉयमधून थेट रस्त्याने तेथे जाता येत नाही. आधी मिसिसिपी नदी ओलांडून शेजारच्या मिसूरी राज्यात जायचे, आणि तेथून एक लहानसा पूल ओलांडून पुन्हा इलिनॉयमध्ये शिरायचे. गाव कुठे हलले नाही, राज्याची हद्द हलली नाही. हलली ती नदी. ती कशी हलली आणि का हलली, हे आज सांगायचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वाचताना फळ्यावर एक साधा नकाशा काढावा, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. फळ्याच्या डाव्या अंगाला वरून खाली एक जाड नागमोडी रेघ ओढा. ही मिसिसिपी, लांबी सुमारे साडेतेवीसशे मैल, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी. उजव्या अंगाने एक बारीक रेघ आणा. ही धाकटी, तिचे नावही कास्कास्कियाच. ही नदी ईशान्येकडून टेकड्यांतून बाहेर पडते, पण थोरलीला लगेच जाऊन मिळत नाही. काही मैल तिच्या शेजारून वाहते आणि मग खाली जाऊन मिळते. दोघींच्या मध्ये जिभेसारखी लांबट, सपाट, काळ्याभोर गाळाची जमीन राहते. आपले गाव या जिभेवर, पण थोरलीच्या काठी नव्हे, तर धाकटीच्या पश्चिम तीरावर. धाकटीच्या पलीकडे, पूर्वेला, उंच टेकड्यांची रांग. सेंट लुईस हे मोठे शहर येथून सुमारे साठ मैल वर, उत्तरेला.

गावासाठी जागा मोठी नामी होती, यात शंका नाही. दाराशी शांत पाण्याची नदी, होड्या बांधायला सुरक्षित. थोरल्या नदीचा राजमार्ग हाकेच्या अंतरावर. आणि जमीन अशी की खताची गरज नाही, कारण खत नदीच घालते. नदीकाठी मळीची जमीन कसणाऱ्याला हे सांगायला नको. आणि त्याच जमिनीची दुसरी बाजूही त्याला सांगायला नको.

कास्कास्किया हे नाव मुळात तेथल्या आदिवासींच्या एका टोळीचे. इलिनॉय नावाच्या टोळ्यांचा जो मोठा गोतावळा होता, त्यातली ही एक. १६७३ साली मार्केत नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री या लोकांना प्रथम भेटले, ते येथे नव्हे, तर पुष्कळ उत्तरेला, इलिनॉय नदीच्या काठी. १६७५ मध्ये त्यांनी तेथे धर्मकार्याचे ठाणे घातले. पुढे शेजारच्या टोळ्यांच्या हल्ल्यांना कंटाळून कास्कास्किया लोक दक्षिणेकडे सरकत आले, पाद्रीही त्यांच्यामागोमाग आले, आणि १७०३ मध्ये सर्वांनी या जिभेवर वस्ती केली. म्हणजे हे गाव जन्मापूर्वीच दोन वेळा जागा बदलून आलेले होते म्हणा ना! त्यांच्यामागून कॅनडातून फ्रेंच व्यापारी आले, मग शेतकरी आले. फ्रेंच पुरुषांनी इलिनॉय स्त्रियांशी लग्ने केली, आणि पाद्र्यांच्या नोंदवहीत ती लग्ने, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, सर्व काही रीतसर नोंदले गेले.

त्यांतली एक बाई लक्षात ठेवण्यासारखी आहे. मारी रुएन्सा तिचे नाव; टोळीच्या नायकाची मुलगी. १६९४ मध्ये बापाने तिचे लग्न एका फ्रेंच व्यापाऱ्याशी ठरवले, तेव्हा तिने प्रथम साफ नकार दिला. आणि शेवटी होकार दिला तो, आईबापांनी ख्रिस्ती व्हावे, या अटीवर. तो नवरा वारल्यावर तिने दुसरे लग्न केले, संसार वाढवला, शेती वाढवली. १७२५ मध्ये ती वारली तेव्हा तिचे मृत्युपत्र तयार होते. घरे, कोठारे, गुरेढोरे, आणि, हे सांगायला हवे, गुलामसुद्धा, असे सर्व त्यात नोंदलेले आहे. तिला चर्चच्या आत, तिच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेखाली पुरण्यात आले. एवढा मान त्या गावात दुसऱ्या कोणा स्त्रीला मिळाला नाही.

गावाची शेतीची पद्धत आपल्या शेतकऱ्यांना ऐकण्यासारखी वाटेल. प्रत्येकाला जमिनीचा लांबच लांब अरुंद पट्टा असे. या सर्व पट्ट्यांना मिळून बाहेरून एकच कुंपण. प्रत्येक पट्ट्याला वेगळे कुंपण नाही. आपल्या वाट्याचे कुंपण ज्याने त्याने राखायचे, आणि त्याच्या हद्दीतून जनावर शिरून पिकाचे नुकसान झाले तर भरपाई त्याने द्यायची. पीक निघाल्यावर ठरलेल्या तारखेला सारे रान गुरांना मोकळे. याशिवाय सबंध गावाचे मिळून एक गायरान. गहू पिकवायचा, त्याचे पीठ करायचे आणि होड्यांतून थेट न्यू ऑर्लिन्सला पाठवायचे, हा गावाचा मुख्य धंदा. खाली जायला दोन-तीन आठवडे पुरत. पण प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत, दोर ओढत परत यायला तीन-चार महिने लागत.

आता या पिठामागचे हात कोणाचे होते, तेही सांगू. अठराव्या शतकाच्या मध्याला गावातल्या माणसांत मोठा हिस्सा गुलामांचा होता. त्यांत आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या अधिक, थोडे आदिवासीही. खुद्द पाद्र्यांचेही गुलाम होते. आमच्या शाळा-कॉलेजांतल्या पुस्तकांत अमेरिकेतली गुलामगिरी म्हणजे दक्षिणेकडचे कापसाचे मळे, एवढेच चित्र असते. ते अपुरे आहे. उत्तरेकडच्या या गव्हाच्या गावातही ती होती, आणि इलिनॉय राज्यातून ती पुरती गेली ती १८४८ च्या राज्यघटनेने.

१७४१ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने या गावच्या चर्चसाठी ला रोशेल येथे ओतलेली एक घंटा भेट पाठवली. समुद्र ओलांडून, मग न्यू ऑर्लिन्सहून नदी चढत ती आली. वजन सुमारे साडेसहाशे पौंड. ही घंटा नीट ध्यानात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

१७६३ च्या तहाने हा मुलूख फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. इंग्रजी अंमल नको म्हणून पुष्कळ फ्रेंच कुटुंबे नदीपलीकडे, सेंट जेनेव्हीव आणि सेंट लुईसला, निघून गेली. पण अंमल फार दिवस टिकला नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असता जॉर्ज रॉजर्स क्लार्क हा व्हर्जिनियाचा तरुण अधिकारी सुमारे पावणेदोनशे माणसे घेऊन रानावनातून चालत आला आणि ४ जुलै १७७८ च्या रात्री एकही गोळी न झाडता त्याने गाव ताब्यात घेतले. फ्रान्स आता अमेरिकेच्या बाजूने लढतो आहे, आणि तुमच्या धर्माला आमचा धक्का लागणार नाही, असे त्याने सांगितले. पाद्री पिएर जिबो यांनी मध्यस्थी केली. आणि लोकांनी आनंदाने राजाची घंटा वाजवली. राजाने दिलेली घंटा प्रजासत्ताकाच्या नावाने वाजली! तेव्हापासून तिला ‘पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा’ म्हणतात.

पुढे गावाच्या भरभराटीचे दिवस आले. १८०९ मध्ये इलिनॉय प्रांत वेगळा झाला आणि त्याची राजधानी येथे आली. १८१४ मध्ये येथे छापखाना आला, इलिनॉयमधले पहिले वर्तमानपत्र येथे निघाले. १८१८ च्या ऑगस्टमध्ये राज्यघटना येथे लिहिली गेली, आणि ३ डिसेंबर १८१८ रोजी इलिनॉय हे संघराज्यातले राज्य झाले. पहिले गव्हर्नर शॅड्रॅक बाँड. उपगव्हर्नर पिएर मेनार नावाचे कॅनडात जन्मलेले फ्रेंच व्यापारी. मात्र ज्या टोळीचे नाव गावाला, तिच्या वाट्याला या भरभराटीतले काही आले नाही. आजार आणि लढाया यांनी ती खंगली होती. १८०३ च्या तहाने तिची इलिनॉयमधली बहुतेक सारी जमीन गेली, आणि १८३२ च्या तहानंतर उरलेले लोक पश्चिमेकडे निघून गेले. त्यांचे वंशज ओक्लाहोमात पिओरिया टोळीत आहेत.

१८२० मध्ये राजधानी व्हँडेलियाला हलली. राज्याची वस्ती उत्तरेकडे पसरत होती, राजधानी एका कोपऱ्यात ठेवून चालण्यासारखे नव्हते. राजधानी गेली म्हणून गाव मरत नाही. बाजार होता, काउंटीची कचेरी होती. काउंटी म्हणजे आपला जिल्हा-तालुका यांच्या मधले काहीतरी. १८३३ मध्ये जोगिणींची मुलींची शाळाही निघाली. गावाला खरा धोका दुसरीकडूनच येत होता, आणि गंमत म्हणजे सर्वांना तो प्रगती वाटत होता.

१८१७ मध्ये सेंट लुईसच्या धक्क्याला पहिली आगबोट लागली. पूर्वी जेथे वर चढायला तीन-चार महिने लागत, तेथे आता दिवस मोजू लागले. १८५० च्या सुमारास त्या धक्क्याला वर्षाला हजारो फेऱ्या होऊ लागल्या. आणि या बोटी चालत कशावर? लाकडावर. जळणाची मोजणी तेथे ‘कॉर्ड’ या मापाने होई. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच असा रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड. मोठी आगबोट दिवसाकाठी असे पंचवीस नि त्याहूनही अधिक ढीग जाळी. एवढे लाकूड बोटीवर साठवता येत नाही. म्हणून काही काही मैलांवर काठालाच जळणाच्या वखारी लागल्या. काठावरचे झाड तोडणे सर्वांत सोपे, वाहतूक नाही, गाडी नाही. शेतकऱ्याला रोख पैसा मिळे, बोटवाल्याला जळण. त्यातून पाण्यात कलंडलेले झाड बोटीच्या तळाला भोसकते, म्हणून सरकारनेही नदीतले ओंडके काढण्याबरोबर कित्येक ठिकाणी काठच्या झाडांवर कुऱ्हाड चालवली.

आता नदीचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. सपाट मुलखातली नदी सरळ वाहत नाही, वळणे घेत जाते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात आदळते, तो काठ खालून पोखरला जातो नि वरची माती ढासळते. आतल्या अंगाला पाणी संथ असते, तेथे रेती-गाळाची भर पडते. म्हणून वळण दरवर्षी थोडे थोडे सरकते. झाडांची मुळे या बाहेरच्या काठाला गाठी मारल्यासारखी धरून ठेवतात. तेथले वाळुंज गेले, कॉटनवूड गेले, की काठ उघडा. मग एका पुरात पूर्वी जितकी माती जात नसे तितकी जाते. नदी रुंद होते, उथळ होते, आणि आणखी आडवीतिडवी धावते.

तर मग सारा दोष कुऱ्हाडीचा का? असे एका वाक्यात म्हणणे मला पटत नाही. कास्कास्कियाच्या थोडे वर फ्रेंचांनी बांधलेला फोर्ट द शार्त्र हा दगडी किल्ला होता. त्याची नदीकडची भिंत १७७२ मध्येच नदीने नेली. तेव्हा आगबोट कुठे होती? मिसिसिपी ही फिरती नदी आहे, ती पूर्वीही फिरत होती. पण कुऱ्हाडीनंतर तिचे फिरणे वाढले, काठ झपाट्याने ढासळू लागले आणि त्या पट्ट्यातल्या जुन्या फ्रेंच गावांच्या जागा एकामागून एक पाण्यात जाऊ लागल्या. सवय नदीची, आणि घाई माणसाची, असे मी त्याचे वाटप करीन.

गावाला इशारे मिळाले नव्हते असे नाही. १७८५ मध्ये एवढा मोठा पूर आला की फ्रेंच लोक ते वर्ष ‘मोठ्या पाण्याचे साल’ म्हणूनच ओळखत. नदीपलीकडचे सेंट जेनेव्हीव हे गाव तेव्हा असेच सखल मळीत वसलेले होते. तेथल्या लोकांनी त्या पुरानंतर हळूहळू आपली घरे दोनतीन मैल दूर उंचावर नेली. शेती खालीच ठेवली, घरे वर. रोज शेतावर जाण्यायेण्याचा त्रास पत्करला. ते गाव आज आहे. सुमारे पाच हजार वस्ती, आणि अठराव्या शतकातली उभ्या ओंडक्यांची फ्रेंच घरे अजून उभी आहेत, ती पाहायला लोक लांबून येतात. १९९३ च्या पुरात त्यालाही वाळूच्या पोत्यांचे बांध घालून झुंजावे लागले, पण गाव राहिले. कास्कास्किया मात्र जेथे होते तेथेच राहिले. राजधानी, चर्च, बाजार एवढे सगळे जेथे मांडून बसले आहे, तेथून उठायचे कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून? त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. पूर येतो नि जातो. घर चिखलाने भरते, पुसून काढले की पुन्हा राहता येते. घराखालची जमीनच जाईल हे कोणाच्या मनात येते?

१८४४ चा पूर आला तो फारच भयंकर. सारे गाव पाण्यात गेले. शाळेच्या जोगिणींना आगबोटीतून सेंट लुईसला न्यावे लागले, त्या परत आल्या नाहीत. १८४८ मध्ये काउंटीची कचेरी चेस्टर या उंचावरच्या गावी गेली. आणि तिच्याबरोबर दप्तर गेले. हे दप्तर गेले म्हणूनच आपल्याला आज एवढे सांगता येते. फ्रेंच अमलातली खरेदीखते, लग्नाचे करार, मृत्युपत्रे, माणसांच्या विक्रीचे कागद, कुंपणावरून झालेली भांडणे, असे हजारो कागद चेस्टरला सुखरूप पोचले. गावातच राहिले असते तर मारी रुएन्साचे नावही आपल्याला कळले नसते.

आता फळ्यावरच्या नकाशाकडे पुन्हा पाहा. गावाच्या वर, उत्तरेला, थोरलीचे एक वळण पूर्वेकडे सरकत सरकत धाकटीच्या जवळ येत चालले होते. जिभेचे मूळ दर पुराला अरुंद होत होते. गावकरी हे पाहत होते. वळण किती आत आले, उरलेली जमीन किती, हे त्यांना दिसत होते. १८८१ च्या एप्रिलात पुराच्या पाण्याने ती उरलीसुरली जमीन फोडली आणि थोरली धाकटीच्या पात्रात शिरली. प्रथम ओढ्यासारखी धार. पण धाकटीचे पात्र जवळचे, उताराचे. आणि पाणी उतार सोडत नाही. बघता बघता मुख्य प्रवाह तिकडून वाहू लागला, आणि जुने थोरले पात्र पश्चिमेला गाळाने भरत, सुकत गेले. ज्या शांत नदीच्या काठी गावाने दीडशेहून अधिक वर्षे होड्या बांधल्या, तिच्या अरुंद पात्रातून आता सबंध मिसिसिपी चालली होती. तिला ते पात्र पुरेना. तिने ते दोन्ही अंगांनी रुंद करायला घेतले. पूर्वेला टेकडीचा खडक. पश्चिमेला मऊ माती, नि त्या मातीवर गाव.

गाव एका रात्रीत बुडाले, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. तसे झाले नाही, आणि मला वाटते झाले ते अधिक जिवाला लागणारे आहे. वीसएक वर्षे ते रस्त्यारस्त्याने, घराघराने गेले. यंदा कुणाची बाग गेली, पुढल्या साली ओसरी, त्याच्या पुढच्या साली भिंत. जुन्या राजधानीची इमारत काठाशी येऊन टेकलेली, मग तिची एकच भिंत उरलेली, अशी छायाचित्रे लोकांनी काढून ठेवली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या गावातले काही उरले नव्हते. लोकांनी दक्षिणेला आपल्याच काळीत नवे लहान गाव घातले. विटांचे चर्चही तिकडे नेऊन १८९३ च्या सुमारास पुन्हा उभे केले. आणि त्याबरोबर राजाची घंटा. पांढरी पाण्यात गेली, काळीत पांढरी झाली.

मेलेल्यांचे काय? स्मशान गावालाच लागून होते. १८९१ पासून पुढे दोनतीन वर्षांत राज्य सरकारच्या खर्चाने हजारोंच्या अस्थी उकरून, नदीपलीकडच्या गॅरिसन हिल नावाच्या टेकडीवर नेऊन पुरल्या. तेथे एक स्मारक आहे. या प्रकारावरून एक दंतकथा निघाली. एका फ्रेंच व्यापाऱ्याने आपल्या मुलीवर प्रेम करणाऱ्या आदिवासी तरुणाला ओंडक्याला बांधून नदीत सोडले. त्याने मरताना शाप दिला की हे गाव नष्ट होईल आणि येथल्या मेलेल्यांनाही थडग्यात स्वस्थता मिळणार नाही. गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण तिची पाळेमुळे कागदात सापडत नाहीत हेही सांगावे. शापाला उत्तर नसते. वखारींना आणि उघड्या काठांना असू शकले असते.

आता हद्दीचा प्रश्न. नदीकाठच्या शेतकऱ्यांना यात रस वाटेल. दोन राज्यांची हद्द मिसिसिपीच्या पात्रातून. मग नदी पूर्वेला गेली, म्हणजे मधली सारी जमीन मिसूरीची झाली का? तेथल्या कायद्यात यासाठी दोन वेगळे नियम आहेत. नदी हळूहळू, दिसणारही नाही अशा गतीने सरकली, तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. एकाच्या काठाची माती जाते, दुसऱ्याच्या काठाला भर पडते, आणि ती भर ज्याच्या काठाला त्याची. पण नदीने एकदम उडी मारून नवे पात्र धरले, तर हद्द जुन्या पात्रातच राहते, मग तेथे पाणी असो नसो. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का आणि आयोवा या राज्यांच्या तंट्यात हाच नियम स्पष्ट सांगितला. १८८१ ची ती उडीच होती. म्हणून कास्कास्किया आजही इलिनॉयचे, काउंटीचे ठाणे चेस्टर. आणि टपाल मात्र मिसूरीतल्या सेंट मेरी गावावरून येते. कचेरीत काम निघाले की मिसूरीत जायचे, तेथून चेस्टरचा मोठा पूल ओलांडून आपल्याच राज्यात परतायचे.

उरलेल्या जमिनीला, म्हणजे त्या ‘बेटाला’, भोवती मातीचा बांध आहे. बांध म्हणजे दुधारी गोष्ट. लहानमोठे पूर तो बाहेर ठेवतो, त्यामुळे पीक येते. पण नदीच्या दोन्ही काठांनी मैलोगणती बांध झाले की पाण्याला पसरायला जागा राहत नाही आणि ते चढते. आणि एकदा बांध फुटला की बेट म्हणजे कढई; आत आलेले पाणी बाहेर जाऊ शकत नाही. १९९३ च्या जुलैत तसेच झाले. बांध फुटला, सारे बेट भरले, घरांच्या छपरांपर्यंत पाणी. माणसे आधीच बाहेर काढली होती. पाणी ओसरल्यावर पुष्कळ कुटुंबे परतली नाहीत. २००० च्या गणतीत गावात नऊ माणसे होती, २०१० मध्ये चौदा, २०२० मध्ये एकवीस. चर्च धुऊन-पुसून पुन्हा उभे केले. त्याच्या शेजारी १९४८ मध्ये बांधलेल्या एका लहान इमारतीत राजाची घंटा ठेवलेली आहे, ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाहता येते.

पिएर मेनार यांचे घर मात्र जागच्या जागी आहे. त्यांनी ते गावात न बांधता धाकटीच्या पूर्व तीरावर, टेकडीच्या पायथ्याशी बांधले होते. राज्य सरकारने ते जतन केले आहे. त्याच्या वर गॅरिसन हिल, आणि तेथली ती थडगी. टेकडीवरून खाली पाहिले की रुंद पाणी दिसते, आणि त्यावरून धान्याने, कोळशाने भरलेल्या पडावांच्या लांब रांगा ओढीत-ढकलीत नेणाऱ्या बोटी जाताना दिसतात. त्या जातात तेथेच कुठेतरी गावाचे रस्ते होते.